दर्या बंद, शाळा सुरू: पाचूबंदरच्या खासगी प्राथमिक शाळेतली नोकरी

ज्यांना ऐकायला सवड नाही, किंवा आठ बाराच्या लोकलमध्ये कानात काही घालायची सोय नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना जे दोनदा बोलले ते इथे एकदाच ठेवलंय. बाकी तसंच आहे.

मागच्या आठवड्यात पालघर जिल्ह्यातल्याच एका मुलीने व्हॉइस नोट पाठवली. तिचं म्हणणं असं: "ताई, डी.एल.एड. झालंय, टीईटीचा पेपर एक पास आहे. पवित्र पोर्टलवर जाहिरात कधी पडेल आणि माझा नंबर कधी लागेल कोण जाणे. तोवर वसईतल्या एका खासगी प्राथमिक शाळेने बोलावलंय. घेऊ का नोकरी?"

मी पाचूबंदरला अशाच एका शाळेत दुसरीचा वर्ग घेते. त्याआधीही खासगीतच होते. तेव्हा "घे" किंवा "नको घेऊस" असं एका शब्दात सांगण्यापेक्षा ही नोकरी आतून कशी चालते तेच सांगते. मग तिचं तिने ठरवावं.

आधी शाळांचे प्रकार. यात लोक फार गोंधळतात, पालक तर गोंधळतातच, पण नवीन शिक्षकही. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली, पण इथल्या सरकारी प्राथमिक शाळा त्यानंतरही वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाणे जिल्हा परिषद, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर पालघरची. हा एक प्रकार. दुसरा अनुदानित खासगी: शाळा संस्थेची, पगार सरकारचा. वसईत चर्चच्या आणि जुन्या शिक्षणसंस्थांच्या कितीतरी शाळा अशा आहेत. तिसरा विनाअनुदानित. आणि चौथा, जो आता सगळीकडे दिसतो, तो स्वयंअर्थसहाय्यित. त्याचा कायदा २०१२ चा. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे: सरकारकडून अनुदान मागणार नाही, शाळा आमच्या पैशावर चालवू, असं संस्था सुरुवातीलाच लिहून देते.

आता "आमच्या पैशावर" म्हणजे कुणाच्या? संस्था मोठी असेल तर संस्थेच्या. लहान असेल तर फीच्या. आमच्यासारख्या लहान शाळेत महिन्याच्या शेवटी शिक्षिकेच्या खात्यात जे पडतं ते त्या महिन्यात पालकांनी खिडकीवर भरलेलं असतं. मध्ये दुसरं काही नसतं. मी या नोकरीबद्दल जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून ही लक्षात ठेवा.

पाचूबंदर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: वसईच्या किल्ल्याला लागून, खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची वस्ती. शेजारी किल्लाबंदर. ख्रिस्ती कोळी, हिंदू कोळी, दोघेही. किनाऱ्यावर होड्या, मासळी वाळत घातलेली, घरं एकमेकांना चिकटून. सगळेच मासेमारी करतात असं नाही. कुणाचे बाबा रिक्षा चालवतात, कुणाची आई नर्स आहे, कुणी बोटीवर म्हणजे मोठ्या जहाजावर कामाला आहे. पण माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत पैसा दर्यावरून येतो. आणि तो बारा महिने सारखा येत नाही.

यांत्रिक होड्यांना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. माशांच्या विणीचा काळ, वर पावसाळी समुद्र, त्यामुळे बंदी योग्यच आहे, कोळीही ते मानतात. होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात. खलाशी गावी जातात. आणि बरोबर याच काळात, जूनच्या मध्याला, शाळा उघडते. प्रवेश फी, पहिला हप्ता, पुस्तकं, वह्या, गणवेश, रेनकोट, दप्तर. एका घरात दोन मुलं असतील तर वर्षातला सगळ्यात मोठा खर्च वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात.

बाहेरचे लोक म्हणतात, मग वर्षभर साठवावं ना. साठवतात की! एप्रिल-मेमध्ये सुक्या मासळीचा धंदा जोरात असतो, पावसाळ्याच्या बेगमीसाठी गिऱ्हाईक येतं, त्यातून बायकांच्या हातात चार पैसे येतात. पण तेच पैसे होडीच्या डागडुजीला, इंजिनाच्या कामाला, नव्या जाळ्याला लागतात. होडी दुरुस्त केली नाही तर ऑगस्टला दर्यावर जाणार कशी, आणि गेली नाही तर वर्षभर फी भरणार कशी? शाळेची फी आणि होडीचं इंजिन एकाच रांगेत उभे असतात आणि इंजिन पुढे असतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, तरी लगेच पैसा घरात येत नाही. व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल आधी फिटते, डिझेल आणि बर्फाची उधारी फिटते. घरात खरोखर पैसा दिसायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो.

आता याची दुसरी बाजू बघा. कितीतरी खासगी शाळांत शिक्षकाला नेमणूक जूनपासून एप्रिलपर्यंत देतात. मे महिन्याचा पगार नाही. माझी पहिली नोकरी अशीच होती (शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही). महिना ६,००० रुपये, ३० एप्रिलला नेमणूक संपणार, जूनमध्ये नवं पत्र. जूनमध्ये पत्र मिळालं, पण फी जमली नाही म्हणून जूनचा पगार ऑगस्टमध्ये झाला. म्हणजे मे कोरडा कायद्याने नव्हे तर पत्राने, आणि जून-जुलै कोरडा दर्यामुळे. माझ्या घरात कुणी मासे पकडत नाही, आम्ही वाडवळ, आमची वाडी. तरी माझ्या पगाराला मासेमारीबंदी लागू झाली होती. बाईंच्या पगारात भरती-ओहोटी असते असं स्टाफरूममध्ये आम्ही हसून म्हणायचो.

यात वाईट कोण आहे? पालक नाहीत. संस्था नेहमीच लबाड असते असंही नाही. लहान संस्थेकडे खरोखर पैसे नसतात. पण दर्याचा धोका कुणीतरी अंगावर घ्यायचा असतो आणि काहीच ठरवलं नाही तर तो आपोआप सगळ्यात खालच्या माणसावर येऊन बसतो. एक तर पोराचं नाव कमी होतं, नाहीतर बाईंचा पगार लांबतो.

आता मी ज्या शाळेत आहे तिथे यावर एक साधा उपाय झाला. फी किती घ्यायची याचा महाराष्ट्रात कायदा आहे, २०११ चा फी विनियमन कायदा. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि संस्थेने मांडलेली फी तिच्यासमोर येते. समितीतले पालक सोडत काढून निवडायचे असतात, मुख्याध्यापिकेच्या ओळखीतले बोलावून नाही. आमच्याकडे एका वर्षी सोडतीत तीन कोळणी आल्या. त्यातल्या एकीने पहिल्याच बैठकीत विचारलं, "बाई, फी तेवढीच घ्या, पन जूनमदी कशाला? जूनमदी आमच्याकडं काय असतंय?" एवढाच प्रश्न. त्याआधी कितीतरी वर्षं फीचे हप्ते जून आणि नोव्हेंबर असे होते, कारण सगळीकडे तसेच असतात.

मग हप्ते बदलले. जूनमध्ये फक्त वह्या-पुस्तकांपुरते पैसे. मोठे हप्ते ऑक्टोबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये. ज्यांना महिन्याचा पगार आहे त्यांना हवं तर दरमहा भरायची मुभा. आणि दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हिवाळ्यातल्या हप्त्यांतून मे, जून, जुलैच्या पगाराइतकी रक्कम वेगळी काढून ठेवायची. शाकारलेल्या होडीसारखी. पहिल्या वर्षी ती पुरती जमली नाही, जुलैचा पगार पंधरा दिवस उशिरा झाला. पण आधी दोन-दोन महिने व्हायचा. थकबाकी पूर्ण संपली नाही आणि संपणारही नाही, वादळात एखाद्याचं जाळं गेलं तर त्या घरची फी त्या वर्षी विसरायची. पण आता ते आधी धरलेलं असतं.

समुद्राचं वेळापत्रक फक्त फीत नाही, हजेरीतही असतं. हे मला इथे आल्यावर कळलं. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं मोठं पिशवीसारखं जाळं. ते ओढायचं नसतं, पाण्याच्या वेगाने मासळी त्यात शिरते. म्हणजे पाण्याला ओढ हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जोरात, तेव्हा धंदा. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, तेव्हा डोलीवाल्या होड्या बऱ्याचदा किनाऱ्यावर. उधाणाच्या दिवसांत मासळी लागली की पहाटेपासून आख्खं घर किनाऱ्यावर निवडायला. आई बाजार गाठायच्या घाईत, पोराला अंघोळ घालणार आजी, आजीपण निवडायला बसलेली. पोर उशिरा येतं, डबा नसतो, डोळे मिटत असतात.

म्हणून आम्ही पालकसभा भांगाला ठेवतो. कॅलेंडरवर शनिवार बघण्याआधी तिथी बघायची. इतकं साधं आहे, पण उपस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि नवीन शिक्षिका "हे पालक बेफिकीर आहेत" असं म्हणायच्या आधी जरा थांबते.

वर्गाकडे वळते. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी विषय आहेच, २०२० च्या कायद्याने तो सगळ्याच माध्यमांच्या शाळांत सक्तीचा झाला. पण माझ्या मुलांची घरची भाषा पुस्तकातली मराठी नाही, कोळी बोली आहे. म्हणजे सहा वर्षांचं मूल एकाच वेळी दोन भाषा शिकतं: बालभारतीची मराठी आणि इंग्रजी. मासळीला घरी मावरं, मराठीच्या तासाला मासे, विज्ञानाच्या तासाला फिश.

इथे एक गोष्ट नव्या शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात समजून घ्यावी. कोळी बोलीत 'ड' चा बऱ्याचदा 'र' होतो आणि 'ळ' चा 'ल'. होडी म्हणजे होरी, घोडा म्हणजे घोरा, डोळा म्हणजे डोला, काळा म्हणजे काला. आता मूल 'घोडा' हा शब्द बघून मोठ्याने 'घोरा' वाचतं. चुकलं का? बहुतेक ठिकाणी बाई तिथेच अडवतात, "घोडा म्हण, घोडा", तीनदा म्हणायला लावतात, वर्ग हसतो. पण त्या मुलाने अक्षरं ओळखली, शब्द जुळवला, अर्थ लागला आणि मग तो आपल्या घरच्या तोंडाने म्हणला. वाचन झालंय. उच्चार वेगळा विषय आहे. खात्री करायची तर चित्र दाखवायला सांगा. घोड्यावर बोट ठेवलं की झालं. उलट एखादं मूल अगदी शुद्ध 'घोडा' म्हणतं आणि त्याला चित्र दाखवता येत नाही, पाठ केलेलं असतं. काळजी त्याची करायची.

लिहिताना मात्र 'होरी' चालत नाही, परीक्षेत तर नाहीच. त्यासाठी मी फळ्याचे दोन भाग करते. डावीकडे "घरी म्हणतो", उजवीकडे "पुस्तकात लिहितो". मुलं डावीकडचे शब्द सांगतात, मी लिहिते, मग उजवीकडे कसं होईल ते त्यांनीच शोधायचं. दोन-तीन आठवड्यांत त्यांना नियम सापडतो, की घरचा 'र' काही वेळा पुस्तकात 'ड' होतो, पण नेहमी नाही, 'दर्या'तला 'र' तसाच राहतो. हे शोधताना त्यांना फार मजा येते. आणि महत्त्वाचं म्हणजे डावी बाजू पुसायची नाही, लाल रेघ मारायची नाही.

पालक मला विचारतात, "बाई, घरी इंग्लिशमध्येच बोलू का याच्याशी?" ज्यांना येतं त्यांनी बोला, पण जे येतं तेच बोला. बाबा जाळं कसं शिवतात, खाडीचं पाणी कधी चढतं, हे तुम्ही कोळीत सांगितलंत तर मुलाच्या डोक्यात गोष्ट जाईल. तुटक इंग्रजीत सांगितलंत तर गोष्टही जाणार नाही आणि इंग्रजीही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलंय, २०२१ च्या निपुण भारतमध्ये तिसरीपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे असं आहे. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत हे दोन्ही अवघड पडतं, आणि मधला पूल बांधायचं काम वर्गातल्या बाईंवर येतं. त्याचं प्रशिक्षण आम्हाला कुणी दिलं नाही.

गणिताचंही तसंच. वाटा हा शब्द शहरी मुलांना समजावून सांगावा लागतो, माझ्या मुलांना नाही. भागाकार मी वाट्यांनीच सुरू करते: छत्तीस बोंबील, चार वाटे. आईच्या पाटीशेजारी बसून हिशोब करणारी पोरं आहेत माझ्याकडे. दीडशेचा वाटा, गिऱ्हाईक पाचशेची नोट देतं, पोरगी क्षणात साडेतीनशे परत देते. तिला वहीत ५०० वजा १५० घातलं की हातचा विसरते. हे फक्त पाचूबंदरला होतं असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांवर झालेला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात विचारलेले हिशोब त्या मुलांनी ९८ टक्के बरोबर केले. तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तर ३७ टक्के. गोष्टीरूप उदाहरणं दिली तर ७४ टक्के. म्हणजे मुलाला गणित येत नाही असं नसतं, शाळेची मांडणी त्याच्या ओळखीची नसते. मी त्या पोरीला आधी तोंडी करायला लावते, मग तिने मनात काय केलं ते तिलाच लिहायला सांगते. ती दीडशेवर पन्नास चढवते, दोनशे, मग तीनशे. उभी वजाबाकी नंतर येते.

बाकीचं काम थोडक्यात सांगते. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास, शिक्षकाचे आठवड्याला तयारी धरून ४५ तास. लहान शाळेत शिपाई एक, क्लार्क एक किंवा अर्धा, म्हणजे यू-डायस, सरल, आधार जुळवणं हेही आमच्याकडेच. स्नेहसंमेलनाचा नाच बसवायचा तोही आम्हीच. खासगी शिकवणी घ्यायची नाही, कलम २८. पगार कमी असलेल्या शिक्षिका ती घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बोलायचं नसतं.

२५ टक्के आरटीई प्रवेशाबद्दल एक खुलासा, कारण वसईत याचा फार गोंधळ आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल. इथे चर्चच्या शाळा भरपूर, त्यामुळे "शेजारच्या शाळेत आरटीई नाही, मग तुमच्याकडे कसं" असं पालक विचारतात. जिथे लागू आहे तिथे सरकार शाळेला मुलामागे ठरावीक रक्कम देतं, कित्येक वर्षं ती १७,६७० रुपये होती, आणि ती वेळेवर येत नाही अशी संस्थांची कायमची ओरड. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. प्रतिपूर्ती थकली तरी त्या मुलांना वर्गात वेगळं काही जाणवता कामा नये. ते शिक्षिकेच्याच हातात असतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा पैशाचा भाग. तुलना करायची तर: जिल्हा परिषदेतल्या किंवा अनुदानित प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पासून १६,००० रुपये झालं, आधी ६,००० होतं, आणि तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी. खासगीत आकडा संस्था सांगेल तो. म्हणून आकड्याइतकंच नेमणुकीच्या पत्राकडे बघ.

मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. नेमणुकीचं पत्र लेखी आणि ठरलेल्या नमुन्यात द्यायचं असतं. कायमची जागा रिकामी असेल तर कलम ५ प्रमाणे दोन वर्षांच्या परीवीक्षेवर नेमायचं असतं, आणि ती नीट पार पडली की शिक्षक कायम. अकरा महिन्यांची पत्रं यातून निसटण्यासाठीच असतात. आणि हा खेळ बऱ्याचदा यशस्वी होतो, कारण पत्रात "तात्पुरती, अमुक तारखेपर्यंत" असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि शिक्षकाने सही केलेली असेल तर न्यायालयांनी कायम होण्याचे दावे नाकारलेले आहेत. म्हणून सही करण्याआधी तो एक शब्द शोधायचा.

काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. ३० म्हणजे ३०, "मुख्याध्यापिका म्हणाल्या बघू" असं करत महिना जाऊ द्यायचा नाही. पण नुसता पगार थकला असेल तर त्या अपिलाचा उपयोग नाही, ते नोकरी जाणं, पदावनती अशा गोष्टींसाठी आहे. पगारासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, आणि पुढे उच्च न्यायालय. कामगार न्यायालयाचा रस्ता नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरंबाळ खटला, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक 'कामगार' नाही.

ग्रॅच्युइटीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात म्हटलं की ग्रॅच्युइटीच्या कायद्यातल्या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत. मग संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली, तीही मागे जाऊन, ३ एप्रिल १९९७ पासून. खासगी शाळांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिलं आणि २९ ऑगस्ट २०२२ ला ते फेटाळलं गेलं. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. हिशोब तोच: शेवटचा पगार, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. पगार १५,००० असेल आणि दहा वर्षं झाली असतील तर साधारण ८६,५०० रुपये. पाचूबंदरच्या हिशोबाने सांगायचं तर एक बरं इंजिनकाम. दरवर्षी नवं पत्र आणि मध्ये खंड, याने सगळ्यात आधी धोक्यात येतात ती हीच वर्षं. म्हणून जुनी पत्रं, बँकेच्या नोंदी, हजेरीची कागदपत्रं जपून ठेवायची. आणि पगार बँकेतच घ्यायचा. जास्तीच्या आकड्यावर सही आणि त्यातले अमुक रोख परत, असं कुणी सुचवलं तर तिथूनच निरोप घे.

तुझी टीईटी झालेली आहे हे फार मोठं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही टीईटी लागेल असं सांगितलं, ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. माझ्या ओळखीत पन्नाशीच्या जवळच्या बायका रात्री भांडी आवरून बालमानसशास्त्राची पुस्तकं काढून बसतात. त्यांच्यापेक्षा तुझी बाजू भक्कम आहे, मुलाखतीला जाताना हे मनात असू दे. टीईटीवाली शिक्षिका संस्थेलाही हवी असते.

तेव्हा बाय, मुलाखतीला जा आणि तिथे तीन गोष्टी विचार. पत्रात परीवीक्षा लिहिणार की तात्पुरती. मे महिन्याचा पगार आहे का. आणि फीचे हप्ते कोणत्या महिन्यांत आहेत. तिसऱ्या प्रश्नाला त्या जरा चमकतील, नवीन शिक्षिका हा प्रश्न विचारत नाही. पण शाळा कोळीवाड्यातली असेल आणि मोठा हप्ता जूनमध्ये असेल तर तुझा जूनचा पगार कधी होणार याचं उत्तर तिथेच आहे. पवित्रची तयारी सोडू नकोस. आणि नोकरी घेतलीस तर मला कळव, फळ्याच्या दोन भागांचे माझे जमवलेले शब्द पाठवते. सध्या दोनशे दहा झालेत.